स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात मोजायचं काय, हे ठरवायचं कुणी?

सुरंगी (सोमवार, सकाळी १०.४०)

स्मृतिभ्रंशावर छोटा अभ्यास करायचा म्हटला की प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर स्मरणशक्तीची चाचणी येते. मग तो परिचर्या महाविद्यालयाचा प्रकल्प असो, ज्येष्ठ नागरिक संघाचा उपक्रम असो की दिवसभर सांभाळणाऱ्या एखाद्या केंद्राचा. सुरुवातीचे गुण, सहा महिन्यांनंतरचे गुण, वजाबाकी, निष्कर्ष. ही वजाबाकी बहुतेकदा काहीच सांगत नाही. अल्झायमरमध्ये तीसपैकी गुण वर्षाला सरासरी तीनेक उतरतातच, माणसामाणसांत फरक मोठा असतो, आणि एकाच माणसाचे सोमवारचे आणि गुरुवारचे गुणही मागेपुढे होतात. वीस जणांच्या गटात त्यातून काही हाती लागत नाही. आणि ज्या आजी रोज चार वाजले की दाराची कडी वाजवत उभ्या राहायच्या, त्या आता त्या वेळी मटार सोलत बसतात, हा खरा बदल कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटी आणि जेम्स लिंड अलायन्स (रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांना एकत्र आणून संशोधनाचे प्रश्न ठरवणारा उपक्रम) यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाचे दहा अग्रक्रम ठरवले, ते रुग्ण, नातेवाईक आणि सेवा देणारे यांना विचारून. चार हजारांहून जास्त प्रश्न जमले. गाळून गाळून वर आले ते असे: माणूस जास्तीत जास्त काळ स्वतःचं स्वतः करत राहील अशी देखभाल कोणती? इस्पितळात दाखल झाल्यावर त्याला कसं सांभाळायचं? शेवटच्या टप्प्यात खाऊ-पिऊ कसं घालायचं? घरातल्या माणसांनी रोज विचारावेत असेच हे प्रश्न आहेत.

या धाग्यावर नेमकी पद्धत बोलूया. कुणाला विचारायचं, कसं विचारायचं, काय मोजायचं, कुठे फसतं. "जनजागृती हवी" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

मांडवीकाठ (सोमवार, दुपारी १२.१५)

विषय गोव्यापासून सुरू करायला हवा, कारण आपल्या अगदी शेजारी हे काम नीट झालेलं आहे.

२००१ मध्ये विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातला अभ्यास आला. गटचर्चांमध्ये लोकांना स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं वर्णन ऐकवलं. माणूस सगळ्यांनी ओळखला, पण आजार म्हणून नाही. मुलं बघत नाहीत, माया करत नाहीत, आबाळ करतात म्हणून असं होतं, असं उत्तर आलं. त्याचा परिणाम लक्षात घ्या. अशा गावात "तुमच्या आईला विसरभोळेपणा आहे का?" असं विचारत दारात गेलात, तर सुनेच्या कानाला ते "तुम्ही त्यांना नीट बघत नाही का?" असं ऐकू येतं. दार बंद. हे आधी विचारून घेतलं नसतं तर पुढची सगळी मोजणी खोटी निघाली असती.

मग 'संगाथ' संस्थेच्या अमित डायस आणि सहकाऱ्यांची चाचणी, २००८ साली प्रसिद्ध झालेली. दोन तालुके, ८१ कुटुंबं, चिठ्ठीपद्धतीने ४१ घरांना लगेच मदत आणि ४० घरांना सहा महिन्यांनी. मदत म्हणजे प्रशिक्षण दिलेले गावातलेच गृहभेट सल्लागार, पंधरा दिवसांतून निदान एक फेरी, त्यांच्यावर देखरेखीला समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ. आजाराची माहिती, वागणं कसं हाताळायचं याचं मार्गदर्शन, मानसोपचारतज्ज्ञाकडून एकदा तपासणी आणि गरज असेल तरच औषध.

मोजमापात सांभाळणाऱ्याच्या मनाची स्थिती पुढे होती, आणि फरक तिथेच दिसला. मानसिक त्रासाचा गुण दुसऱ्या गटाच्या तुलनेत १.१२ ने, वागणुकीमुळे होणाऱ्या मनस्तापाचा गुण १.९६ ने कमी झाला. रुग्णाच्या वागण्यात, रोजच्या कामांत, 'ओझं' मोजणाऱ्या गुणांत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक नव्हता. आजार तोच, वागणं जवळपास तेच, पण सांभाळणाऱ्याला ते झेपायला लागलं. नुसत्या स्मरणशक्तीच्या गुणांवर हा कार्यक्रम अपयशी ठरवून मोडीत काढला असता.

ओसरी (सोमवार, दुपारी २.०५)

सुरंगी, मांडवीकाठ, दोघांचंही म्हणणं पटतंय. एक मूळ शंका. सांभाळणाऱ्यांना विचारणं जमेल. पण ज्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्याला "गेल्या आठवड्यात कसं वाटलं" हे विचारून मिळालेलं उत्तर धरायचं कसं?

घाटमाथा (सोमवार, रात्री ९.३०)

ओसरी, धरायचं. आठवण गेली म्हणून आवड, भीती, कंटाळा जात नाही. सौम्य आणि मध्यम टप्प्यातली माणसं स्वतःच्या जगण्याबद्दल बरंच सुसंगत सांगतात. डेमकॉल नावाची, जगण्याचा दर्जा मोजणारी प्रश्नावली याच विश्वासावर उभी आहे. रुग्णासाठी २८ प्रश्न, घरच्यांसाठी वेगळे ३१. दोन्ही भरून घेतल्या की जवळपास नेहमी दिसतं ते असं: घरचे रुग्णाच्या जगण्याला जितके गुण देतात, त्यापेक्षा रुग्ण स्वतः जास्त देतो. घरचे थकलेले, खचलेले असतील तर तफावत आणखी वाढते. म्हणून घरच्यांचं उत्तर रुग्णाच्या नावावर खपवायचं नाही. दोन वेगळे रकाने, दोन वेगळे निष्कर्ष.

विचारण्याची पद्धत:

वेळ सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यानची. आंघोळ-नाश्ता झालेला, औषधाची गुंगी उतरलेली, संध्याकाळची घालमेल सुरू व्हायला अवकाश. बसण्याआधी चष्मा पुसून डोळ्यांवर, कानातलं यंत्र चालू आहे ना ते तपासून. निम्म्या "समजत नाही" नोंदी इथेच गळतात. बसायचं समोरासमोर नाही, कोपऱ्यात काटकोनात, चेहऱ्यावर उजेड येईल असं. दूरदर्शन आणि पंख्याची घरघर बंद. सलग पंचवीस मिनिटांच्या वर नाही. उरलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी.

"गेल्या आठवड्यात" ऐवजी "आज", "आत्ता". एका वाक्यात एकच गोष्ट. प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. उत्तर बहुतेक सातव्या-आठव्या आकड्याला येतं, आणि तेवढ्यात घाईघाईने प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला की त्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घरच्यांनी शेजारी बसून "अहो आई, असं नाही हो, परवा नाही का तुम्ही..." करायचं नाही. त्यांना त्याच वेळी दुसऱ्या खोलीत दुसऱ्या सहकाऱ्याने विचारावं, म्हणजे अपमानही होत नाही.

शब्द अडत असतील तर चित्रांची पत्तेवजा कार्डं. तुळस, रेडिओ, पोथी, आंघोळ, गच्ची, नातवंडं, जेवणाचं ताट. टेबलावर तीन जागा: आवडतं, चालेल, नको. कार्ड हातात द्यायचं, ते कुठे ठेवतात ते बघायचं आणि शेवटी मोबाइलवर टेबलाचा फोटो, माणसाचा नाही. स्कॉटलंडमधली टॉकिंग मॅट्स ही पद्धत याच धर्तीची आहे. कार्डावर रेषाचित्रापेक्षा साधा फोटो बरा, आणि तो आपल्याकडच्या वस्तूचा हवा. आंघोळ म्हणून शॉवरचं चित्र दाखवलं तर ज्यांनी आयुष्यभर बादली-तांब्या वापरला त्यांना ते पाऊस वाटतं.

पाणवठा (मंगळवार, सकाळी ७.५०)

घाटमाथा, सुंदर लिहिलंय. भाषांतरावर भर घालते, कारण मराठीत सर्वांत जास्त घोळ तिथे होतो.

सांभाळणाऱ्यांसाठी झारिटची २२ प्रश्नांची मापनपट्टी वापरतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ४, एकूण ८८. तिच्या इंग्रजी नावातला 'बर्डन' हा शब्द मराठीत 'ओझं' झाला की संपलं. "सासूबाईंचं तुम्हाला ओझं वाटतं का?" याला मराठी घरात उत्तर एकच: "छे, आपल्याच माणसाचं कसलं ओझं!" गुण शून्य. त्या बाई रात्री तीनदा उठतात, वर्षभर माहेरी गेलेल्या नाहीत, हे शून्याच्या आड दडून जातं. म्हणून मापनपट्टीच्या जोडीला मोजता येतील असे साधे प्रश्न ठेवा. काल रात्री सलग किती तास झोप मिळाली? गेल्या पंधरा दिवसांत घराबाहेर किती वेळा पडलात, सामान आणायला सोडून? आजारी पडलात तर इथे कोण थांबेल? शेवटच्या प्रश्नावर बऱ्याचदा नुसती शांतता येते. तीही लिहून ठेवा.

अनुवादाची रीत अशी: दोघांनी स्वतंत्र मराठी करायचं, दोन्हींचा मिळून एक मसुदा, तिसऱ्याने मूळ न बघता उलट इंग्रजी करायचं, मग पाच-सहा जणांसमोर एकेक प्रश्न वाचून "यात तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?" हे त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचं. ही शेवटची पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते, आणि 'ओझं' सापडतं ते नेमकं याच पायरीवर.

न शिकलेल्या आजी-आजोबांसाठी हिंदी मानसिक स्थिती परीक्षा बघा. हरयाणातल्या बल्लभगढमधल्या भारत-अमेरिका अभ्यासासाठी तयार झाली. इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी सांगण्याऐवजी वार उलटे म्हणायचे, वाचून कृती करण्याऐवजी समोरच्याची नक्कल करायची. रोजची कामं मोजण्यासाठी त्याच अभ्यासातली भारतीय मापनपट्टीही आहे. मूळ इंग्रजी चाचण्या हक्क राखीव आहेत, परवानगीशिवाय छापू नयेत.

सुरंगी (मंगळवार, सकाळी ११.००)

पाणवठा, उत्तरांच्या पर्यायांबद्दल तुमचं मत हवंय. 'फारच कमी, बऱ्यापैकी, चांगलं, उत्तम' हे चार पर्याय वयस्कर माणसांच्या डोक्यात टिकत नाहीत. त्यापेक्षा "रुपयातले किती आणे?" विचारावं. चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या जिभेवर हे शब्द आहेत.

पाणवठा (मंगळवार, दुपारी १२.२५)

कल्पना आवडली, पण प्रमाणित प्रश्नावलीत घालू नका. पर्याय बदलले की ती प्रश्नावली वेगळी झाली, आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही अभ्यासाशी तुलना संपली. शिवाय 'सोळा आणे' मध्ये 'अगदी खरं' असाही अर्थ आहे. "जेवण कसं लागतं?" याला "सोळा आणे" आलं तर ते चवीबद्दल की नुसता होकार? तुमच्या स्वतःच्या जादा प्रश्नांना वापरा, आधी दहा जणांवर करून बघा.

घाटमाथा (मंगळवार, दुपारी १.१०)

मी सुरंगीच्या बाजूने. ज्याला पर्यायच समजले नाहीत त्याचं 'प्रमाणित' उत्तर घेऊन तुलना तरी कशाची करणार? पण दुहेरी अर्थाचा मुद्दा बिनतोड आहे. खरी नाणी टेबलावर ठेवून बघा, चार गटांत. बोट ठेवलं की होकाराचा संशय उरत नाही.

तळेकाठी (मंगळवार, सायंकाळी ६.४०)

संमतीवर कुणीच लिहिलं नाही, म्हणून सविस्तर.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचं भान यांचा उल्लेख आहे. कलम ९९ संशोधनाबद्दल आहे. नुसती मुलाखत घ्यायची असली तरी त्या व्यक्तीची स्वेच्छेची, समजून दिलेली संमती लागते. माणूस संमती देऊ शकत नाही पण विरोधही करत नाही, आणि अभ्यासात मानसिक, शारीरिक, रासायनिक किंवा औषधी हस्तक्षेप आहे, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि प्राधिकरण नामनिर्देशित प्रतिनिधीच्या संमतीवर अटी घालून ती देऊ शकतं. "मुलाने सही केली, झालं" हे चालत नाही. नैतिकता समितीची मान्यता वेगळी, तीही आधीच.

निदान झालं म्हणून संमतीची क्षमता गेली असं धरू नका. चार गोष्टी बघायच्या: सांगितलेलं समजलं का, ते आपल्याला लागू आहे हे कळलं का, हो-नाहीचा तोल करता आला का, निवड सांगता आली का. माहितीपत्रक एक पान, अक्षर मोठं, आणि वाचून झाल्यावर "कळलं ना?" असं विचारायचं नाही. "मी इथे कशासाठी आलेय, तुम्ही सांगा बरं" असं विचारायचं. "तुम्ही मला प्रश्न विचारणार, आणि नको वाटलं तर मी गप्प बसणार" असं उत्तर आलं तर त्या कामापुरती ती क्षमता पुरेशी आहे.

एकदा घेतलेली सही सहा महिने पुरत नाही. प्रत्येक भेटीला नव्याने विचारायचं, आणि नकार शब्दांत येईलच असं नाही. तोंड फिरवणं, कागद सरकवणं, पदराशी चाळा, पुन्हा पुन्हा उठणं, "मला घरी जायचंय". यातलं काही दिसलं की थांबायचं. दोनदा थांबावं लागलं तर त्या व्यक्तीला अभ्यासातून मोकळं करायचं, आणि सेवा आधीसारखीच मिळत राहील हे घरच्यांना तिथल्या तिथे सांगायचं.

सौम्य टप्प्यातल्या लोकांसाठी एक करून ठेवावं. कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने, प्रतिनिधी नेमता येतो. क्षमता शाबूत असताना हे केलं की पुढे कुणाचा शब्द धरायचा यावर भावंडांत वाद होत नाहीत.

ओसरी (बुधवार, सकाळी ९.१५)

तळेकाठी, फार उपयोगी. आता वागणुकीच्या नोंदी. केंद्रातल्या वह्यांत 'चिडल्या', 'त्रास दिला', 'ऐकलं नाही' एवढंच असतं. त्यातून काय शोधणार?

कवडसा (बुधवार, सकाळी ११.४५)

काहीच नाही, म्हणून वहीच बदलायची. पाच रकाने: वेळ, आधी काय चाललं होतं, नेमकं काय केलं किंवा बोलल्या, किती मिनिटं, नंतर आपण काय केलं. 'चिडल्या' हा निष्कर्ष आहे, नोंद नाही. नोंद अशी:

"७.१०. न्हाणीघर. डोक्यावर पाण्याचा पहिला तांब्या. माझा हात झटकला, 'मारू नका' म्हणाल्या, पदर छातीशी घट्ट धरला. ४ मिनिटं. पाणी थांबवलं, खांद्यावर पंचा टाकला, शांत झाल्या."

ही एक ओळ वाचूनच कळतं की भांडण आंघोळीशी नाही. डोक्यावरून अचानक आलेलं पाणी आणि उघडं अंग यांच्याशी आहे. १४ दिवस अशा नोंदी ठेवल्या की वेळा आणि कारणं आपोआप गोळा होतात.

यावर अमेरिकेत चाचणी झालेली आहे. फिलिप स्लोन आणि सहकारी, २००४, १५ शुश्रूषागृहं, आंघोळीच्या वेळी अस्वस्थ होणारे ७३ जण. माणसाच्या कलाने घातलेल्या आंघोळीत आक्रमक प्रसंग ५३ टक्क्यांनी घटले, आणि अंथरुणातच कोमट ओल्या टॉवेलखाली अंग पुसण्यात ६० टक्क्यांनी. आपल्याकडे करायचं तर: पाट नको, पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची, बसायला घडी घातलेला टॉवेल. पाणी आधी काढून ठेवायचं, नळाचा आवाज नको. पहिलं पाणी पायांवर, "पायावर घालते हं" असं सांगून. अंगावर जुनी सुती साडी किंवा पंचा कायम, तो उचलून एकेक भाग धुवायचा. केस वेगळ्या दिवशी. तांब्या शक्य तर त्यांच्याच हातात.

दुसरी गोष्ट दुखण्याची. नॉर्वेत हुसेबो आणि सहकाऱ्यांनी १८ शुश्रूषागृहांत ३५२ जणांवर पायरीपायरीने वेदनाशमन करून बघितलं. बहुतेकांना पॅरासिटामॉलच पुरलं, कमाल दिवसाला ३ ग्रॅम. आठ आठवड्यांत अस्वस्थता १७ टक्के कमी. म्हणजे 'त्रास देणाऱ्या' कित्येकांचा गुडघा किंवा दाढ दुखत होती. जे सांगू शकत नाहीत त्यांच्यासाठी श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना ० ते २ गुण द्यायची पट्टी आहे. ती बसलेलं असताना नाही, उठताना-कूस बदलताना भरायची. बसल्या जागी दुखत नाही म्हणून शून्य येतो, हीच नेहमीची चूक. डोस अर्थात डॉक्टरांनी ठरवायचा.

आणि वागणं एक-दोन दिवसांत एकदम बदललं तर तो स्मृतिभ्रंश वाढला असं लिहू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट, पाणी कमी, नवीन गोळी. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन किंवा लघवी आवरायचं ऑक्सिब्युटिनिन एवढंही गोंधळ उडवायला पुरतं. वहीत सहावा रकाना घाला: आज शौच, पाणी किती ग्लास, नवी औषधं.

मांडवीकाठ (बुधवार, दुपारी ३.३०)

कवडसाच्या वहीतून मोजमाप कसं काढायचं ते सांगतो. प्रत्येक कुटुंबाने, आणि शक्य तिथे रुग्णाने, स्वतःचं एकच ध्येय ठरवायचं. पट्टी उणे २ ते अधिक २. उदाहरणार्थ आंघोळ: आज आहे तसं, म्हणजे रोज झटापट, उणे १. त्याहून वाईट झालं, आंघोळच बंद, तर उणे २. आठवड्यातून चार दिवस शांतपणे ही अपेक्षा, शून्य. सहा दिवस, अधिक १. रोज, अधिक २. पायऱ्या सुरुवातीलाच लिहून पाकिटात बंद करायच्या, आणि सहा महिन्यांनी गुण देणाऱ्याला हे घर कुठल्या गटातलं हे ठाऊक नको.

आता संख्या. गोव्यात ८१ पैकी ५९ कुटुंबं शेवटपर्यंत राहिली, १८ रुग्ण मधल्या काळात वारले. गळती २७ टक्के. शेवटी ६० हवे असतील तर सुरुवात ८२-८३ ने करा, आणि घरी मृत्यू झाल्यावर भेटायला कोण जाईल, काय बोलेल हे आधीच ठरवा. केंद्रंच्या केंद्रं चिठ्ठीने वाटणार असाल तर आणखी जपून. सहा केंद्रं, प्रत्येकी दहा जण, एका केंद्रातल्या लोकांमधलं साम्य ०.०५ धरलं, तर १ + ९ × ०.०५ = १.४५. ६० ला १.४५ ने भागा: तुमचे ६० जण प्रत्यक्षात ४१ जणांइतकंच बोलतात.

ओसरी (बुधवार, सायंकाळी ५.२०)

आणि सांभाळणाऱ्यांचं किंवा रुग्णाचं नैराश्य? ते वेगळं मोजायचं का?

मांडवीकाठ (बुधवार, सायंकाळी ५.५५)

हो, वेगळंच. नैराश्यातही विसर पडतो, आणि ते उपचाराने हटतं. गोव्यातच २०१९ मध्ये १८१ ज्येष्ठांवरची चाचणी आली. नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांना प्रशिक्षित बिगर-डॉक्टर समुपदेशकांनी अडचण सोडवायच्या पायऱ्या, झोपेची शिस्त आणि स्वतःच्या तब्येतीची काळजी शिकवली. वर्षभरात पूर्ण नैराश्य आलं ४.४० टक्क्यांना, दुसऱ्या गटात सुमारे १४.४ टक्क्यांना. मुलाखतीत कुणी जिवावर उदार झाल्यासारखं बोललं तर प्रश्नावली बाजूला ठेवा, माणूस एकटा सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मुलाखतकाराच्या वहीच्या पुठ्ठ्यावर हवा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींना १४५६७.

सुरंगी (गुरुवार, सकाळी १०.१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या प्रस्तावाच्या मसुद्यात हे बदल करतेय: मुख्य मोजमाप कुटुंबाने ठरवलेलं ध्येय, जोडीला रुग्णाची आणि घरच्यांची वेगवेगळी प्रश्नावली, झोपेचे तास, १४ दिवसांची वही. स्मरणशक्तीची चाचणी फक्त सुरुवातीला, आजाराचा टप्पा कळण्यापुरती. नाण्यांचे प्रश्न जादा पानावर. एक राहिलं: निकाल घरच्यांना कधी आणि कसा द्यायचा?

तळेकाठी (गुरुवार, सकाळी ११.३५)

दोनदा. पहिला त्यांच्या घरचा, शेवटच्या भेटीनंतर पंधरा दिवसांत: त्यांच्याच वहीतून काढलेलं एक पान. कुठल्या वेळी त्रास होतो, कशाने शांत वाटतं, काय टाळायचं. नवी मदतनीस बाई आली तर तिच्या हातात देता येईल असं, आणि इस्पितळात न्यायची वेळ आली तर फाइलला लावता येईल असं. दुसरा सगळ्यांचा मिळून, मराठीत, फरक पडला नसेल तर तेही स्पष्ट लिहून. ज्या घरी माणूस गेलाय तिथे पान टपालाने पाठवू नका, आधी फोन करून हवं आहे का ते विचारा.

आणि चाचणीची नोंद भारतीय चिकित्सकीय चाचणी नोंदवहीत पहिलं कुटुंब घेण्याआधी करा, नंतर नाही. नोंदणी विनामूल्य आहे. मुख्य मोजमापाच्या रकान्यात 'कुटुंबाने ठरवलेलं ध्येय' लिहाल तेव्हा पट्टीच्या पाचही पायऱ्या तिथेच टाका.